‘धीर धरा’ म्हणण्याआधी

‘धीर धरा’ हा आपल्या ख्रिस्ती मंडळीतला सर्वांत स्वस्त सल्ला झाला आहे. नोकरी गेलेल्याला हाच सल्ला, दुकान टाकून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेल्याला हाच, आणि कर्जाच्या हप्त्याने झोप उडालेल्यालाही हाच. देणाऱ्याच्या खिशातून एक पैसा जात नाही. घेणाऱ्याला उलट बोलता येत नाही, कारण सल्ल्याला शास्त्राचा आधार असतो. मग तो बिचारा मान खाली घालून ‘आमेन’ म्हणतो आणि घरी जातो.

माझे म्हणणे एवढेच आहे की पवित्र शास्त्रात ज्याला धीर म्हटले आहे तो हा नव्हे. आणि हा नसलेला धीर आपण तरुण मुलांना वाटत सुटलो आहोत, त्याने त्यांचे नुकसान होते आहे. मी पस्तीस वर्षे मास्तरकी केली. कोणी चुकीची व्याख्या सांगितली की हातात खडू नसला तरी बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या शहरात (पूर्वीचे औरंगाबाद, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर) सध्या दोन प्रकारचे उपदेशक ऐकायला मिळतात. पहिला प्रकार मोठ्या मांडवातला. लाउडस्पीकर, कीबोर्ड, आणि आश्वासन असे की अमुक इतके अर्पण ‘बी’ म्हणून टाका, तुमचा धंदा या वर्षात दुप्पट-चौपट होईल. दुसरा प्रकार जुन्या, शांत देवळातला. तो म्हणतो, घाई करू नका, देव आपल्या वेळेला देईल, तोवर वाट पाहा. वरवर पाहता हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभे आहेत. पण नीट पाहा. धंद्याचा हिशेब दोघेही विचारत नाहीत. भांडवल किती, माल कुठून आणतोस, उधारी किती थकली, काम येते का तुला, असा एक प्रश्न नाही. एकजण देवाला घाईला लावतो, दुसरा माणसाला स्वस्थ बसवतो. मधले जे काम आहे ते दोघांनीही वगळले आहे.

याचे एक कारण आपल्या इतिहासात आहे, ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मराठी ख्रिस्ती समाजाच्या दोन-तीन पिढ्या मिशनच्या आधाराने वाढल्या. शाळेत मास्तर, दवाखान्यात नर्स, कंपाउंडर, बंगल्यावर ड्रायव्हर, गावोगाव फिरणारा सुवार्तिक. सगळ्या पगाराच्या जागा. त्या नोकऱ्यांनी आपल्याला माणसात आणले, हे उपकार मी विसरणार नाही. पण पगारदार माणसाचा धीर एका महिन्याचा असतो. एक तारीख उगवली की धीर संपतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे खुपत होते. 1917 साली, वयाच्या पन्नाशीनंतर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ती माणसाने मिशनच्या छत्राखालून बाहेर येऊन उभे राहावे, हा त्यामागचा ध्यास होता. पुढे दोनच वर्षांत, 1919 मध्ये, ते वारले. त्यांच्या कविता आपण अजून गातो, पण त्या निर्णयावर प्रवचन झालेले मी तरी ऐकलेले नाही.

आज मिशनच्या नोकऱ्या उरल्या नाहीत. 1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्यामागे लहान-मोठ्या वर्कशॉपची रांग लागली. माझे कितीतरी विद्यार्थी तिथे लेथवर, वेल्डिंगवर, प्रेसवर घासून तयार झाले. त्यांतल्या काहींनी आता स्वतःची शेड टाकली आहे. ही आपल्या समाजातली धंदा करणारी पहिली पिढी. तिला धीर लागणारच, भरपूर लागणार. म्हणूनच तो खोटा नको.

आता शास्त्राकडे येतो. धीराबद्दल बोलताना याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय हमखास निघतो. त्यात शेतकऱ्याचे उदाहरण आहे. तो भूमीच्या मोलवान पिकासाठी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो. मराठवाड्यातल्या माणसाला हे उदाहरण समजावून सांगायची गरज नाही. पण मला सांगा, आपला शेतकरी वाट कधी पाहतो? नांगरून, वखरून, बी-बियाण्याची सोय करून मग तो मृगाकडे डोळे लावतो. काहीजण तर धूळपेरणी करून मोकळे होतात आणि मग आभाळाकडे बघतात. पावसाने दगा दिला तर सावकाराचे, नाहीतर बँकेचे दार ठोठावून दुबार पेरणी करतात. पडीक रानाच्या बांधावर बसून जो पावसाची वाट पाहतो त्याला गावात कोणी धीराचा माणूस म्हणत नाही. त्याला जे म्हणतात ते इथे लिहीत नाही.

धीर पेरणीनंतरचा असतो. पेरणीच्या आधी जो असतो तो आळस किंवा भीती. धन्याने परगावी जाताना तीन दासांच्या हवाली पैसे केले, तो दृष्टांत आठवा. तिसऱ्या दासाने पैसे जमिनीत पुरले आणि वाट पाहिली. धनी बऱ्याच काळाने परतला, म्हणजे वाट पाहण्यात तो दास इतर दोघांपेक्षा तसूभरही कमी पडला नव्हता! तरी बोलणी त्यालाच बसली, आणि काय म्हणून बसली? निदान सावकाराकडे ठेवले असतेस तर व्याज तरी मिळाले असते. इतका व्यवहारी धनी आपल्या उपदेशात का दिसत नाही?

आणखी एक गंमत सांगतो. गंमत कसली, दुःखच. शेतकऱ्याचे ते उदाहरण सातव्या वचनात आहे. पाळकसाहेब सहसा तिथूनच वाचायला सुरुवात करतात. पण तीनच वचने मागे, चौथ्या वचनात, याकोब वेगळ्याच लोकांशी बोलतो आहे. शेते कापणाऱ्या मजुरांची मजुरी ज्यांनी अडकवून ठेवली त्यांच्याशी. ती अडकवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणे परमेश्वराच्या कानी गेले आहे, असे तो त्यांना बजावतो. म्हणजे क्रम असा आहे: आधी मजुरी बुडवणाऱ्याला दटावणी, मग ज्याची बुडाली त्याला धीर. आपण पहिला भाग गाळला आणि दुसरा पाठ करून ठेवला.

हे मी हवेत बोलत नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने एका ख्रिस्ती संस्थेच्या इमारतीला खिडक्यांच्या जाळ्या आणि दोन फाटके करून दिली. लोखंड रोखीने आणले, दोन पोरांची मजुरी दर शनिवारी दिली. त्याचे बिल चौदा महिने अडले. विचारायला गेला की उत्तर ठरलेले: ‘देवाचे काम आहे, धीर धर.’ चौदा महिन्यांत त्याने वेल्डिंगचे एक मशीन विकले. ज्या तोंडाने बिल अडवायचे त्याच तोंडाने धीराचे वचन सांगायचे, याला मी मराठीत दुसरा सौम्य शब्द शोधला, सापडला नाही. ही लबाडी आहे.

नव्या करारात ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर आपण ‘धीर’ असे करतो तो शब्द आहे ‘हुपोमोने’. त्याची फोड केली तर अर्थ निघतो, खाली राहणे, ओझ्याखाली टिकून राहणे. ओझे डोक्यावर आहे आणि माणूस पळालेला नाही. ओझे नसलेल्या माणसाला हा शब्द लागूच होत नाही. धंद्यात हे ओझे म्हणजे भाडे, हप्ता, कामगाराचा पगार, गिऱ्हाइकाला दिलेली तारीख. ते पेलत रोज सकाळी शटर वर करणे म्हणजे हुपोमोने.

या अर्थाचा धीर पाहायचा असेल तर पॅलेस्टाइनपर्यंत जायला नको. केडगावपर्यंत जा, दौंड तालुक्यात. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपण मुलांना सांगतो ते चमत्कारांच्या गोष्टींसारखे. मला त्यातला हिशेब जास्त आवडतो. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले ते अमेरिकेतल्या मंडळाच्या पैशावर. त्या मंडळाने मदत कबूल केली होती दहा वर्षांची. सदन पुण्याला आले. 1893 मध्ये धर्मांतराच्या वादावरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. अशा वेळी बाई नुसत्या रडत किंवा नुसत्या प्रार्थना करत बसल्या असत्या तरी कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी काय केले? दहा वर्षांनंतर पैसा बंद झाला तर सदन कशावर चालेल, याचा विचार करून केडगावला जमीन घेतली आणि फळझाडे लावली. फळबाग! आज लावली तर काही वर्षांनी उत्पन्न देणारी. माझ्या मते मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातला धीराचा हा सर्वांत शहाणा निर्णय.

पुढे 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-बायका त्यांनी आणल्या. त्यांना ठेवायला ती जमीन तयार होती. तिथे मुक्ती सदन उभे राहिले आणि शेती, दूधदुभते, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग बायकांनी चालवले. दानावर जगणाऱ्या आश्रमात दानाचा तांदूळ निवडत बसण्यापेक्षा हाताला कसब देणे बाईंना महत्त्वाचे वाटले. आणि हे सगळे चालू असताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पंधरा वर्षांहून अधिक काळ बायबलचे मराठी भाषांतर केले, साध्या बाईला कळेल अशा भाषेत.

इथे मांडवातले उपदेशक आडवे येतील. म्हणतील, बघा, विश्वासाचे फळ! त्यांना मी पुढची गोष्ट सांगेन. 1921 साली बाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. जिच्या हाती काम सोपवायचे तीच गेली. भाषांतर पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी बाई गेल्या. पुरे छापलेले बायबल बाहेर आले 1924 मध्ये, त्यांनी ते पाहिले नाही. धीर धरला की शेवटी सगळे मनासारखे मिळते, हे गणित इथे कुठे बसते? धीर हे काही मुदत ठेवीचे प्रमाणपत्र नव्हे. पेरणे आपले, राखण आपली, पीक देवाचे. आणि काही पिके दुसऱ्याने कापायची असतात. तरुण मुलाला हे आधीच सांगा. त्याला खोटी रक्कम सांगून पेरायला लावू नका, कारण ती रक्कम हाती आली नाही की तो धंदाही सोडतो आणि देऊळही.

दुसरे उदाहरण माझ्या डोळ्यांदेखतचे, म्हणजे माझ्या काळातले. जामखेड. बीड जिल्ह्याला लागून, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य 1970 साली तिथे आले. पण कामाची सुरुवात त्याआधीची. 1962 पासून काही वर्षे दोघांनी वडाळा मिशनच्या दवाखान्यात काम केले. तिथे त्यांच्या ध्यानात आले, की दवाखान्यात बरा झालेला रोगी त्याच गावात, त्याच पाण्यावर परत जातो आणि पुन्हा आजारी पडतो. मग ते पुढचे शिक्षण घ्यायला अमेरिकेला गेले, सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि जामखेड निवडले. ‘पाचारण’ आले म्हणून दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकणाऱ्यांनी ही आठ वर्षे मोजावीत.

नंतर 1972 चा दुष्काळ पडला. मी तेव्हा बी.ए.ला होतो. खडी फोडणारी माणसे आणि सुकडीच्या रांगा मी पाहिल्या आहेत. जामखेडच्या गावांना तेव्हा गोळ्या-औषधे नको होती, पाणी आणि पोटाला अन्न हवे होते. आरोळ्यांनी आधी ते हाती घेतले. कूपनलिका खोदल्या, आणि जमेल तिथे दलित वस्तीत खोदल्या, म्हणजे इतरांना पाण्यासाठी तिथे यावे लागेल. गावात आरोग्यसेवेसाठी त्यांनी आधी शिकलेल्या नर्सबाई पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. परक्या गावात त्या रमेनात आणि गावही त्यांचे ऐकेना. तेव्हा पद्धत बदलली. गावातल्याच बायका निवडल्या, बहुतेक निरक्षर, अनेकजणी दलित, आणि त्यांना आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला बोलावून शिकवले. बाळंतपण, लसीकरण, बाळाचे वजन, जुलाब झाल्यावर काय पाजायचे. या भागात एक हजारात 176 बालके पहिल्या वाढदिवसाआधी मरत, तो आकडा पुढच्या दोन-अडीच दशकांत तीसच्या खाली आला. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या निवडक प्रयोगांवर पुस्तक काढले त्यात जामखेड होते. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यातून धंदा करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी घ्याव्यात. एक, आरोळ्यांनी मोजले. किती मुले जन्मली, किती गेली, का गेली. न मोजता धरलेला धीर म्हणजे डोळे मिटून गाडी हाकणे. दुसरी, मोजल्यावर चुकते आहे असे दिसले तेव्हा त्यांनी रस्ता बदलला आणि मुक्काम तोच ठेवला. आपल्याकडे उलटे होते. तोट्यातले दुकान तसेच रेटत राहायचे आणि त्याला विश्वास म्हणायचे. तो हट्ट आहे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घेणारा माणूस हा प्रभूने स्वतः दिलेला दाखला आहे, तो कोणा व्यवस्थापन-गुरूचा नाही. नहेम्या यरुशलेमेच्या दुःखाने चार महिने प्रार्थना करत होता, पण राजाने ‘तुला काय पाहिजे?’ विचारले तेव्हा त्याची यादी तयार होती: किती दिवस लागतील, कोणाला पत्रे हवीत, लाकूड कुठून मिळेल. म्हणजे त्या चार महिन्यांत गुडघ्यांबरोबर डोकेही कामाला होते.

आता एक आक्षेप. माझे काही मित्र म्हणतात, ‘गुरुजी, तुमच्या बोलण्यात मागण्या फार आहेत. ख्रिस्ती माणसाने सोसावे.’ सोसावे, कबूल. पण प्रभूने चिकाटी शिकवायला कोणाचा दृष्टांत दिला? एका विधवेचा. ती अन्यायी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा गेली, त्याला भंडावून सोडले आणि निकाल घेऊनच परतली. ती घरी बसून सोसत नव्हती. अनुसूचित जातींच्या यादीसाठी 1950 साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला तो हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले, म्हणून त्या वर्गासाठीच्या भांडवलाच्या योजनाही त्यांच्यापर्यंत पोचल्या नाहीत. यावर अर्ज, सभा, खटले करणाऱ्यांना ‘अधीर’ म्हणू नका. विधवेचा धीर तो तोच.

मग मंडळीने करायचे काय? फार नाही. देवळाचे रंगकाम, फर्निचर, छपाई, वायरिंग यांतले जे काम आपल्या मुलांना नीट येते ते त्यांना द्या, आणि बिल तीस दिवसांत द्या. सवलत मागू नका. ‘आपलाच आहे’ म्हणून अर्ध्या किमतीत काम करून घेणारा आपला नसतो. मंडळीत निवृत्त बँकवाले, हिशेबनीस आहेत. त्यांनी महिन्यातून एक शनिवार या मुलांच्या वह्या तपासाव्यात. ज्याचा धंदा बुडाला त्याच्या विश्वासाची मोजमापे काढण्याऐवजी त्याला दुबार पेरणीपुरते हात-उसने द्यावे. आणि मुलांनो, तुम्हीही ऐका. दिलेली तारीख पाळा. वेल्ड झाकायला पुट्टी भरू नका. पौलाने करिंथ शहरात दीड वर्ष काढले, तिथे तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता. त्याच्या शिवणीतून पाणी गळत असते तर त्याचा उपदेश कोणी ऐकला असता का, याचा विचार करा.

मी पेन्शनवर जगणारा माणूस. माझी एक तारीख चुकत नाही, म्हणून मला ‘धीर धर’ असे कोणाला सांगण्याचा अधिकार फारसा नाही, आणि जवळपास तशीच स्थिती व्यासपीठावरून बोलणाऱ्या बहुतेकांची आहे. तेव्हा पुढच्या रविवारी धीरावर प्रवचन करणार असाल, तर एवढे करा. याकोबाचा पाचवा अध्याय सातव्या वचनापासून वाचू नका. चौथ्यापासून वाचा. आणि वाचण्याआधी, शनिवारी संध्याकाळी, कार्यालयातली थकलेल्या बिलांची फाइल एकदा उघडून बघा.